भर मे महिन्यात दिवसभराचं गाणं: दुपारचे राग आपणच सोडून दिलेत का?

मानकुराद

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी फोंडा तालुक्यात एका देवळाच्या सभामंडपात एक दिवसाचं संगीत संमेलन झालं. सकाळी साडेआठ ते रात्री दहा, प्रवेश फुकट, दुपारचं जेवण देवस्थानाकडून. मोठं नाव एकच आणि ते साहजिकच शेवटी, बाकी सगळे गोव्यातले, बेळगावचे, एक बासरीवाला सावंतवाडीचा. आमचा नेहमीचा कंपू गेला होता, म्हणजे मी, शेजारचा फार्मसीवाला, त्याची बहीण जी स्वतः गाणं शिकते, आणि कॉलेजपासूनचा एक मित्र ज्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही पण जेवण असेल तिथे तो असतो.

हवा कशी होती ते गोवेकरांना सांगायला नको. माडाची एक झावळ हलत नव्हती. सकाळी नऊलाच शर्ट पाठीला चिकटला. तळीच्या बाजूच्या दारासमोरचे खांब जाणत्या म्हाताऱ्यांनी आधीच धरून ठेवले होते, आम्हाला मधली जागा मिळाली, वर पंखा पण नाही. सकाळचं सत्र ठीक झालं, उशिरा सुरू झालं त्यामुळे भैरवचा अंग असलेलं काही कानावर आलंच नाही, थेट तोडीच.

पण साडेबाराला बेळगावच्या बाई बसल्या. तानपुरे लावून घ्यायलाच बराच वेळ गेला कारण ते सारखे उतरत होते, मग पदराने कपाळ टिपलं आणि शुद्ध सारंग, भर दुपारचा राग. पाऊण तास तो, आणि त्यानंतर मध्य लयीत वृंदावनी सारंग. आता सारंग मी काही पहिल्यांदा ऐकला नाही, रेकॉर्डिंगं भरपूर आहेत घरी, पण ती ऐकतो कधी तर रात्री जेवण झाल्यावर एसी लावून. इथे कौलांतून उष्मा खाली उतरतोय, बाहेरचं अंगण उन्हाने पांढरं पडलंय, दीपस्तंभाची सावली त्याच्या पायाशी गोळा झालीय आणि बाई रिषभावर येऊन थांबतायत. वृंदावनीत गंधार नाही धैवत नाही, सगळी मोकळी जागा, त्यात जाताना शुद्ध निषाद आणि येताना कोमल. फार्मसीवाला बाहेर आल्यावर म्हणाला, उकाडा काही कमी झाला नाही पण त्याचं काय करायचं ते कळलं.

जेवण अग्रशाळेत केळीच्या पानावर. भात, वरण, खतखतें, सोलकढी, शेवटी मणगणें. त्यानंतरचं सत्र म्हणजे अर्धा मंडप आडवा. गुळगुळीत थंड फरशी, पोटात मणगणें, आणि वर बासरीवर भीमपलास. मला कोणी काही म्हणो, आडवं पडून ऐकणं हे पण ऐकणंच आहे. मग मुलतानी, आणि दिवेलागणीला पूरिया.

मुद्दा असा. सहा वाजता ऊन उतरलं आणि गाड्या यायला लागल्या. सातपर्यंत मंडप भरला, उभं राहायला जागा नाही. दुपारी सारंगाला होती ती मोजकी माणसं, त्यातली निम्मी जेवणाच्या आशेने आलेली (आमचा मित्र धरून). संध्याकाळच्या कार्यक्रमांत आपण काय ऐकतो? पूरिया किंवा मारवा, यमन, बिहाग, बागेश्री, एखादं नाट्यपद, भैरवी, घरी. उत्तररात्रीचे राग तर २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी गेले, रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर नाही, परवानगी काढली तरी बारापर्यंत आणि तीही वर्षातून मोजक्या दिवशी. ते कायद्याने गेले, समजू शकतो. दुपार कोणी आपल्याकडून काढून घेतली? ती आपणच उन्हाच्या भीतीने सोडली. बोला.

कुळागर

लेख बेस. पण पात्रांव, मे महिन्याचा रविवार, फोंडा, दिवसभर बाहेर, आणि हुर्राकाचा (काजूच्या दारूचा) उल्लेख नाही? खरं सांग.

मानकुराद

@कुळागर देवळाचं आवार आहे बाबा. शिवाय दुपारी बारा वाजता हुर्राक घेतला असता तर सारंगाऐवजी स्वतःचं घोरणं ऐकलं असतं. परतीच्या वाटेवरचं काही सांगणार नाही.

सदाशिवपेठी

लेख आवडला पण सहमत नाही. आमचा पुण्याचा सवाई थंडीत होतो त्याला कारण आहे. शाल, स्वेटर, हातात गरम चहाचा कप, डोकं शांत, माणूस ऐकू शकतो. घाम पुसता पुसता कसलं आलंय ऐकणं. आणि वेळेचं म्हणाल तर बंद एसी हॉलमध्ये सकाळ काय नि दुपार काय, पडदे ओढा, सारंग गा, कोण अडवतंय? मोठ्या महोत्सवांत दुपारची सत्रं असतातच की.

सांतेरी

मी होते तिथे! मी आईला घेऊन गेले होते, ती सत्तरीच्या पुढे आहे, आणि मला या रोमँटिक वर्णनात थोडं मीठ घालायचंय.

पंखे. बाई बसल्या आणि पहिलं वाक्य काय तर स्टेजजवळचे पंखे बंद करा. बंद केले. मग माइकमध्ये वाऱ्याचा आवाज येतो म्हणून साउंडवाल्याने बाजूचे पण बंद केले. भर दुपारी मे महिन्यात बंद पंख्यांखाली माणसं! बायका पदराने वारा घेतायत, एक आजोबा उठून गेले ते बाहेर पायरीवर डोकं धरून बसले, आम्ही त्यांना लिंबू-मीठ-साखर पाणी दिलं. आईला मी सारंग अर्धा टाकून जांभ्याच्या भिंतीकडे नेऊन बसवलं. गाणं सुंदर होतं याबद्दल वाद नाही. पण आयोजकांनी निदान दोन टेबलफॅन मागे लावावेत, पाण्याचा पिंप भरलेला ठेवावा, आणि बायकांसाठीचं टॉयलेट कुलूप लावून चावी कोणाकडे आहे ते कोणालाच माहीत नाही हे करू नये. दिवसभराचा कार्यक्रम म्हणजे दिवसभर माणसं असणार ना.

आणि "३४ डिग्रीच तर आहे" असं म्हणणारे लोक मला पाठ झालेत. हवामान खातं किनारपट्टीवर पारा ३७ ला गेल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचारच करत नाही, आतल्या मैदानी भागात तो आकडा ४० आहे. आपल्याकडे तेवढं तापतच नाही सहसा, म्हणून बातमी होत नाही. पण दमटपणामुळे घाम वाळत नाही, घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही, म्हणून आपल्या ३४ मध्ये माणूस जास्त लवकर गळतो. वयस्कर माणसांना तहान पण लागत नाही पटकन. ओआरएसची पाकिटं पर्समध्ये ठेवा, कोकम सरबतात मीठ जरा जास्त घाला.

मानकुराद

@सांतेरी चावीचं खरंय, फार्मसीवाल्याच्या बहिणीने पण हेच सांगितलं. आयोजकांपर्यंत पोचवतो, मंडळात एक ओळखीचे आहेत. आई बऱ्या आहेत ना?

सांतेरी

बरी आहे. पुढच्या वर्षी परत जाऊया म्हणते. माझं कोण ऐकतंय.

तिरकिट

पंख्यांवरून तबलेवाल्यांना नेहमी शिव्या बसतात म्हणून मी लिहितो, वाजवतो मी, हौशीच.

गायक पंखे बंद करायला सांगतात ते नखरे म्हणून नव्हे. तबल्याची पुडी म्हणजे कातडं. दमट हवेत ते पाणी ओढतं, सैल पडतं, सूर उतरतो. त्याच्यावर पंख्याचा वारा सतत बसला की वाळतं, ताणतं, सूर चढतो. आता तुम्ही ग्रीनरूममध्ये काळी चारला लावून आणलाय, स्टेजवर एका बाजूने वारा, दर दहा मिनिटांनी हातोडी घेऊन गजऱ्यावर ठोकत बसा. एकवेळ सगळाच्या सगळा उतरला तर परवडतं, पण एका घराला (पुडीच्या कडेच्या एका भागाला) वारा लागतो आणि दुसऱ्याला नाही, मग चाट (पुडीची कड) एक बोलते आणि मैदान (कड आणि शाईमधला भाग) भलतंच बोलतं. त्यात हाताला घाम. घामासाठी पावडर लावायची तर पावडर आणि घाम मिळून शाईवर (मधल्या काळ्या गोलावर) लगदा होतो, आणि शाई खराब झाली की नाद गेला. मे महिन्यात मी दोन डावे आणि दोन उजवे घेऊन जातो, एक जोडी झाकून ठेवलेली.

तानपुऱ्याचं वेगळं. तारा धातूच्या, गरम झाल्या की लांबतात, सूर खाली. वर खुंट्या लाकडाच्या, दमटपणाने फुगतात आणि जागीच रुतून बसतात, फिरवायला गेलं तर एकदम झटक्याने फिरतात आणि मग तारांतल्या मणक्यांनी सूर सांभाळत बसा. पेटी मात्र जवळजवळ आहे तिथेच. म्हणजे एका स्टेजवर पेटी जागेवर, तानपुरा खाली चाललाय, तबला वर चाललाय आणि मधे गाणारा माणूस. बाईंनी तानपुरा लावायला वेळ घेतला असं मानकुराद म्हणतायत, मी म्हणेन त्या वेळेसाठी त्यांना दाद द्या.

बरं, उलटं पण आहे. आपले घुमटवाले वाजवायच्या आधी घुमट मुद्दाम उन्हात ठेवतात, कातडं ताणून खणखणीत व्हायला. पावसात चतुर्थीला त्यांची खरी कसरत. (अवांतर: पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, ती संरक्षित प्राण्यांत गेली, आता बकरीचं वापरतात आणि २०१९ ला घुमट राज्याचं वारसा वाद्य झालं.)

टेबलफॅन मागच्या बाजूला, श्रोत्यांकडे तोंड करून, स्टेजकडे पाठ. सांतेरीताई म्हणतात तेच उत्तर आहे. खर्च काही नाही, फक्त कोणीतरी आधी विचार करायला पाहिजे.

कुळागर

आता कळलं तबलेवाले हातोडी घेऊन का बसतात. मला वाटायचं गायकाला धाक म्हणून.

झिलू

ओके मी बहुतेक इथला सगळ्यात लहान मेंबर असेन. मी लॅपटॉपवर म्युझिक करतो, त्या संमेलनाला पण होतो, शिकणाऱ्या मित्राने ओढत नेलं. एक गंमत सांगतो, सकाळच्या मुलाने बॅकअप म्हणून फोनवर तानपुरा अ‍ॅप लावलं होतं, फोन स्टेजच्या कडेला नेमका उन्हाच्या पट्ट्यात, अर्ध्या तासात फोन तापून बंद पडला. माझ्या लॅपटॉपचं पण तसंच होतं उन्हाळ्यात. म्हणजे तार असो की चिप, उन्हाने सगळे सारखेच हैराण.

गोव्यात म्युझिक फेस्टिव्हल म्हटलं की बाहेरच्यांना डिसेंबरच दिसतो, २००७ ला कांदोळीला सुरू झालं ते मोठं ईडीएमचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकचं प्रकरण वगैरे. तिकडे पण मी गेलोय, खोटं कशाला बोलू. पण तिथे वेळेशी काही घेणंदेणं नाही, दुपारी चारला जो सेट तोच रात्री नऊला चालतो. इथे मला सगळ्यात भारी काय वाटलं असेल तर वेळ हाच प्रोग्रॅमचा भाग आहे. मला नावं कळत नाहीत रागांची. पण साडेबारानंतर जे वाजलं आणि साडेपाचला जे वाजलं त्यात बाहेरच्या उजेडाइतका फरक होता, ते न सांगता कळलं.

माझी तक्रार एकच, हे कोणी सांगत का नाही? बॅनरवर कलाकारांचे फोटो, देणगीदारांचे फोटो, आमदारांचा फोटो त्याहून मोठा. एका कोपऱ्यात लिहा ना की दुपारी बारा ते दोन सारंग ऐका, हे वर्षातून फार कमी वेळा मिळतं. माझ्यासारखे दहा जण तरी आले असते. आणि लाइव्ह स्ट्रीम का नाही केलं?

जुना_नाट्यवेडा

झिलूबाब, लाइव्ह स्ट्रीम नको. घरी बसून मोबाइलवर सारंग ऐकायचा तर मग देवळात जायचं कशाला. पण बॅनरचं पटलं. आमदारांना पण पटवा.

मानकुराद, तुमच्या मूळ म्हणण्याबद्दल जरा वेगळं सांगतो. दुपार "आपण सोडली" म्हणताय, पण गोव्यात ती कधी मैफलीची वेळ होती का? माझ्या लहानपणी जत्रा, काला, नाटक सगळं रात्रीचं. पंचमीला, पुनवेला पालखी रात्री. नाटकाचा पहिला अंक दहाला उठायचा आणि भैरवीला कोंबडा आरवायचा. कारण तेच, ऊन. दिवसभर भाटात, कुळागरात राबलेला माणूस गाणं ऐकायला रात्रीच मोकळा. दुपारी देवळात महानैवेद्य झाला की गर्भकुडीचं दार बंद, ते चारच्या सुमाराला उघडणार, तोवर सभामंडपात कोणी पुजारी, कोणी कुत्रं, कोणी वाटसरू आडवा. तुम्ही भीमपलासला आडवे झालात ते परंपरेला धरूनच आहे म्हणायचं.

मात्र वेळेचा राग ही गोष्ट देवळाला नवी नाही. नगारखान्यात चौघडा वाजायचा तो ठराविक वेळांनाच, आणि देवळाच्या सेवेला गाणाऱ्या बायका होत्या त्यांचं गाणंही पूजेच्या वेळांना बांधलेलं. या मातीतून गायिका केसरबाई केरकर निघाल्या केरीहून, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीहून. दोघी अल्लादियाखाँसाहेबांकडे शिकल्या. देवळात गाणं झालं म्हणून आज आपण हौसेने फोटो टाकतो, त्या काळी त्या बायकांना मानमरातब किती मिळाला हा निराळा विषय आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र धागा निघावा.

पर्वतकर खाप्रूमामांच्या लयीच्या गोष्टी माझे वडील सांगायचे, दोन हात दोन पाय वेगवेगळ्या तालांत आणि तोंडाने तिसरंच. उन्हाळ्यात घामाने जीव जातो म्हणणाऱ्या मला ते नेहमी म्हणत, त्या माणसाकडे पंखा पण नव्हता.

बांद्याची_बाय

जुना_नाट्यवेडा +१. आमच्या बांद्याक पण दशावतार रात्रीच. उन्हाळ्यात दिवसा कोण नाटक बघतलो? राजा मेकअप वितळून संकासुर दिसतलो.

बाकी मला धाग्यावरून आठवलं की दुपारचा राग ऐकायची आमची जागा म्हणजे रेडिओ. जेवणं उरकून आई भांडी घासायची आणि मागच्या पडवीत पणजी केंद्र लागलेलं असायचं. शास्त्रीय संगीताची सभा लागली की आम्ही पोरं कंटाळायचो. पण आकाशवाणीवाले वेळ पाळायचे, दुपारी दुपारचाच राग. आज मला भीमपलास लगेच ओळखता येतो तो कुठल्या क्लासमुळे नाही, भांड्यांच्या आवाजामुळे.

कोमल_निषाद

चर्चा छान. थोडा काथ्याकूट करतो, नाव तेच लावलंय तर.

मे महिन्यात आपल्याकडे सूर्योदय सहाच्या आसपास, सूर्यास्त सातला थोडा कमी. म्हणजे दिवसाचे चार प्रहर तीन-तीन तासांहून थोडे मोठे होतात. सारंग मध्यान्हीचा, म्हणजे दुसरा प्रहर सरताना आणि तिसरा लागताना, साडेबारा अगदी नेमकी वेळ. भीमपलास तिसऱ्या प्रहराचा. मुलतानी चौथ्याचा. मला यात मुलतानीची जागा फार आवडते. भीमपलासातला कोमल गंधार मुलतानीत राहतो, पण रिषभ-धैवतही कोमल होतात, मध्यम तीव्र होतो आणि निषाद शुद्ध. म्हणजे दुपारचं एक सूत्र हातात ठेवून संध्याकाळच्या दारात पाऊल. भातखंड्यांनी अशा रागांना परमेलप्रवेशक म्हटलंय. हे पुस्तकात वाचून समजत नाही. भीमपलास, मुलतानी, पूरिया ओळीने, खिडकीतून ऊन तिरकं होत जाताना ऐकले तर समजतं, आणि त्यासाठी दिवसभर एका जागी बसणं भाग आहे. संध्याकाळी साडेसहाला येऊन थेट पूरिया ऐकणाऱ्याला तो आलाय कुठून ते कळतच नाही.

@सदाशिवपेठी म्हणून पडदे ओढलेल्या हॉलबद्दल माझं एवढंच म्हणणं, गायकाला चालेल, सूर तेच आहेत. ऐकणाऱ्याचं निम्मं जाईल. आता वेळेचं बंधन न मानणारे मोठमोठे लोक आहेत, कर्नाटक संगीतात तर हा आग्रह आपल्याइतका नाहीच, त्यामुळे हा काही निसर्गनियम नाही हे पण मान्य.

सदाशिवपेठी

@कोमल_निषाद निसर्गनियम नाही म्हणताय म्हणजे माझा मुद्दा निम्मा मान्य. उरलेला निम्मा एसीत बसून ऐकतो.

पण गंभीरपणे, ओळीने तीन राग हा भाग मला पटला. आमच्याकडे दुपारच्या सत्रात लोक खाण्याच्या स्टॉलवर असतात.

मानकुराद

सगळ्यांना एकत्र उत्तर देतो, वाचून मजा आली.

नाट्यवेडा काका, "सोडली" हा शब्द मागे घेतो, "धरलीच नव्हती" म्हणूया. पण मग माझं म्हणणं उलट जोरात आहे. रात्र होती तोवर दुपारची गरज नव्हती. आता रात्र दहाला संपते, शेतात राबणारे आपल्यातले किती? आमच्या कंपूत एक फार्मसीवाला, एक बँकेत, एक मी ऑफिसात एसीखाली. रविवारची दुपार आपण करतो काय तर मासळीचं जेवण आणि झोप. वर्षातून एक रविवार सारंगाला द्यायला काही हरकत नाही.

झिलू, मंडळातल्या माणसाशी बोललो. म्हणाले पुढच्या वर्षी पत्रिकेत प्रत्येक सत्रासमोर राग-समय छापू, राग आधी जाहीर करणार नाही कारण गायक ऐनवेळी बदलतात, ते पण बरोबरच आहे. आमदारांचा फोटो लहान करायचं मात्र हसण्यावारी नेलं.

पंख्यांचा विषय पण काढला. तिरकिट, तुमचा प्रतिसाद छापून नेऊ का त्यांच्याकडे?

तिरकिट

न्या की. फक्त हातोडीचा धाक तेवढा गाळा.

सांगेकार

उशिरा आलो, पण मोगूबाईंचं नाव निघालं म्हणून लिहितो. उन्हाळा आणि गाणं म्हणताय तर पुढचा बेत कुर्डीला करा.

माहीत नसलेल्यांसाठी: साळावली धरण झालं तेव्हा ऐंशीच्या दशकात कुर्डी पाण्याखाली गेलं. लोकांना वाडे आणि वालकिणीला वसवलं. दरवर्षी उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की गाव वर येतं, एप्रिल-मेच्या सुमाराला. घरांचे जोते, विहिरी, रस्त्याची खूण, मोगूबाईंच्या घराचे अवशेष, सगळं दिसतं. सोमेश्वराचं देऊळ आहे तिथे मे महिन्यात मूळचे गावकरी जमून उत्सव करतात, माझे आजोळचे लोक जातात. म्हातारी माणसं जोत्यावर उभी राहून नातवंडांना सांगतात इथे चूल होती, इथे गोठा. त्या दिवशी तिथे भजन झालं की मला कुठल्याही सभागृहापेक्षा ते जास्त लागतं, पण मी पक्षपाती आहे.

आता इशारा. तिथे सावली हा प्रकार नाही. वर्षातले कितीतरी महिने पाण्याखाली असलेल्या जमिनीवर झाड कुठून असणार, उरलेत ते वाळके खुंट. भेगा पडलेली माती, वरून ऊन, खालून धग. फोंड्याचा सभामंडप त्यापुढे महाबळेश्वर. छत्री, टोपी, पाणी दुप्पट, आणि सकाळी जाऊन अकराच्या आत परत फिरा किंवा चारनंतर जा. गाडी शेवटपर्यंत नेऊ नका, माती वरून कोरडी दिसते पण पाण्याजवळ आत ओली असते, रुतते. पर्यटक म्हणून ड्रोन उडवत जाऊ नका एवढी विनंती, तिथल्या लोकांचं ते घर आहे अजून.

झिलू

हे माहीतच नव्हतं मला!! तिथे कोणी मुलतानी गायली तर?

जुना_नाट्यवेडा

तिथे गायचं ते गावकऱ्यांना विचारून. उत्सव त्यांचा, कार्यक्रम त्यांचा, आपण जायचं ते बसून ऐकायला. बाकी सांगेकार, तुमच्या आजोळच्यांनी बोलावलं तर मी येतो, गुडघे दुखतात पण येतो.

सांगेकार

बोलावलंच समजा काका. उत्सवाची तारीख कळली की इथेच टाकतो. जीपची सोय करू तुमच्यासाठी जिथवर जाते तिथवर.

सांतेरी

आईने हा धागा वाचला (मीच दाखवला, आता पस्तावतेय). ती पण येणार म्हणते. सांगेकार, जीपमध्ये दोन जागा धरा.

कुळागर

मी पाणी आणि कोकम सरबताचा कॅन आणतो. सांगेला माझ्या मावसभावाची काजूची बाग आहे, परतताना नीरो (काजूच्या बोंडांचा ताजा रस) मिळेल, म्हणजे तोवर हंगाम असेल तर. हुर्राकाचं मी काही बोललो नाही हे सगळ्यांनी बघितलं.

सदाशिवपेठी

तुम्ही लोक फारच मनावर घेतलंत. बरं, कुर्डी राहू दे, ते उन्हाचं वर्णन वाचूनच मला चक्कर आली. पण पुढच्या मेमध्ये फोंड्याच्या संमेलनाला मी येतो, गोवा एक्सप्रेसने मडगावला उतरेन, कोणीतरी न्यायला या. अट एकच, सारंग चालू असताना पंखा चालू पाहिजे.

तिरकिट

टेबलफॅन तुमच्याकडे वळवून बांधून ठेवतो, दोरीने. फक्त मधे गायिका घाम पुसताना तुमच्याकडे बघेल, त्याला इलाज नाही.